कोपरापर्यंत हात

काच धुण्याच्या खोलीत काकूंची एकच परीक्षा असे, आणि धुण्याचे यंत्र त्या परीक्षेत आजवर एकदाही पास झाले नव्हते. यंत्रातून निघालेले प्रत्येक भांडे काकू खिडकीच्या उजेडाकडे धरत, नाक मुरडत आणि शुद्ध पाण्याने पुन्हा हाताने विसळत. मग हातमोजा काढून आतल्या काचेवरून ओले बोट फिरवत. बोटाखाली काच कुईं वाजली की भांडे स्वच्छ. नाही वाजली की पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या बरणीला मात्र हे जरा जड जाई. तिचे तोंड अरुंद आणि पोट खोल. बाह्या वर सारून कोपरापर्यंत हात आत घालावा तेव्हा कुठे बोट तळाला टेकायचे, आणि बाहेर येताना हात काचेला घासतच यायचा.

एकवीस वर्षे काकू हेच करत आल्या होत्या. गुरांवर संशोधन करणारी ती संस्था. मागे गोठे आणि कुरण, पुढे तीन मजली इमारत, आणि तळमजल्यावर काकूंची खोली. वर कुणाच्या प्रयोगात बुरशी आली की आधी खिडकीवर संशय घेतला जाई, मग पाण्यावर, मग एकमेकांवर. काकूंच्या भांड्यांना कुणी कधी नावे ठेवली नव्हती.

काकूंचा जीव जडला होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुंगीवर. हे नाव त्या मुलीला संस्थेनेच दिले होते. अंगाने एवढीशी, आणि बघावे तेव्हा स्वतःहून मोठे काहीतरी उचलून जिने चढणारी. दुपारचा चहा ती काकूंच्या खोलीतच घ्यायची, कारण तिथे यंत्रामुळे ऊब असे आणि काकूंना समजावून सांगितले की तिचे तिलाच नीट समजे. काकू मध्येच थांबवून प्रश्न विचारत. उत्तर पटले नाही तर तसे तोंडावर सांगत.

मुंगीचे काम एका जुळ्या जोडीवर चालले होते. गोठ्यात दोन भाऊ होते, एकाच गाईचे, एकाच दिवशी जन्मलेले. थोरल्याला वळू म्हणून तसेच ठेवले होते, धाकट्याला लहानपणीच खच्ची केले होते. चारा एक, गोठा एक, पण आता शेजारी उभे केले तर ओळखू येऊ नयेत असे झाले होते. थोरल्याची मान म्हणजे भिंतीला टेकवलेले पोते, आणि धाकटा कसा, तर जेवून सुस्तावलेल्या मामासारखा. मुंगीला शोधायचे होते की हा फरक स्नायूंच्या आत नेमका कुठे पडतो. तिने काकूंना सांगितले होते की स्नायूचे धागे स्वतः वाढून दोनाचे चार होत नाहीत. त्यांच्या अंगाला चिकटून बारीक मूळपेशी झोपलेल्या असतात. स्नायू वाढायचा असला किंवा दुखावला, की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन होतात आणि धाग्यात मिसळून जातात. त्यांना जागे कोण करते, हा तिचा प्रश्न होता.

तिचा संशय हार्मोनवर होता. गुरांच्या डॉक्टरांनी धाकट्याची मांडी बधिर करून जाड सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून दिला. धाकट्याने त्या वेळी चघळणेसुद्धा थांबवले नव्हते. त्यातल्या मूळपेशी मुंगीने प्रयोगशाळेतल्या चपट्या बशांमध्ये वाढवल्या. निम्म्या बशांत तिने इस्ट्रोजेन घातले. काकूंनी तिथेच तिला अडवले होते. ते तर बायकांचे, मग बैलाला कशाला. मुंगी म्हणाली की असे सगळे समजतात, पण वळूच्या अंगातही ते थोडे असते, त्याचे स्वतःचे नर-हार्मोनच थोडेसे बदलून इस्ट्रोजेन होते. काकूंनी चहाचा घोट घेऊन म्हटले होते की हे आधी कुणी सांगितले असते, तर घरातली निम्मी भांडणे वाचली असती.

निम्म्या बशांत हार्मोन, निम्म्या साध्या. साध्या बशा कशाला, तर तुलनेला. पहिल्या दोन खेपांना फरक डोळ्यांत भरण्यासारखा दिसला. हार्मोनच्या बशांत पेशी दीडपट झाल्या, साध्या बशांत त्या आपल्या सुस्त. मुंगी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागली. मग तिसऱ्या खेपेपासून गाडी रुळावरून घसरली. साध्या बशांतल्या पेशीही हार्मोनवाल्यांच्या बरोबरीने वाढू लागल्या. चौथ्या खेपेला तेच, पाचव्यालाही तेच.

मुंगीने शोधायचे काही बाकी ठेवले नाही. पेशींना खाऊ घालायच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातून काढलेल्या पाण्यात, मुळातच हार्मोन असतात, म्हणून ती ते कोळशाच्या भुकटीतून गाळून घ्यायची. तिने कोळसा बदलला, मग सीरम बदलले. पोषकद्रवात सहसा लाल रंग घालतात, तोही कधी कधी हार्मोनसारखा वागतो म्हणे, म्हणून तिने पहिल्यापासूनच बिनरंगाचे द्रव वापरले होते. पाणी तपासले, पेशी उबेत ठेवायचा इनक्युबेटर बदलला. साध्या बशा आपल्या वाढतच होत्या.

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, तिला बोलावून घेतले. ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडत नसत, त्यामुळे ते जास्त लागे. येत्या शुक्रवारच्या बैठकीत पहिल्या दोन खेपा योगायोग म्हणून सोडून द्यायच्या, विषय बंद करायचा, जुळी जोडी दुसऱ्या केंद्राला पाठवायची आणि मुंगीने नवा विषय घ्यायचा, असे ठरले. दोन वर्षांचे काम पाण्यात जाणार होते.

हे सोमवारी कळले. काकूंना वाईट वाटले, आणि वाईट वाटले की त्या धुवायला लागत. मुंगीचे पोषकद्रव ज्या मोठ्या बरणीत ढवळले जाई, ती बरणी काकू महिना-दीड महिन्यापासून एकदाऐवजी दोनदा धूतच होत्या. तिच्या अखेरच्या बशांसाठी त्यांनी ती तिसऱ्यांदा धुतली. तीन वेळा हात कोपरापर्यंत आत, तीन वेळा बोट तळाला, तीन वेळा कुईं.

बुधवारी शाळेला सुटी होती म्हणून काकूंनी नातीला बरोबर आणले. नात आठ वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणत. तिला उत्तर मिळेपर्यंत गप्प बसवणे कुणाला जमले नव्हते, आणि काकूंना तसे करायचेही नव्हते. जेवणाच्या सुटीत त्या तिला मागच्या कुंपणापाशी घेऊन गेल्या. थोरल्याने मान वर करून पाहिले. धाकटा जवळ येऊन कुंपणाच्या दांड्याला नाक घासू लागला.

काकूंनी तिला सगळे सांगितले, घाई न करता, मुंगीने सांगितले तसे आणि थोडे स्वतःच्या पदरचे. स्नायू म्हणजे दोऱ्यांची जुडी. प्रत्येक दोऱ्याला बिलगून झोपलेल्या इवल्या पेशी. त्यांना उठवणारी औषधासारखी गोष्ट अंगातच तयार होते. भिंगरीने विचारले की एका बशीत ती किती घालतात, चमचाभर का.

“चमचाभर?” काकू हसल्या. “पोहायचा मोठा तलाव बघितलायस ना? त्यात एक चिमूट मीठ टाकलं आणि ढवळलं, तर तुला खारट लागेल?”

“नाही.”

“पण या पेशींना लागतं. एवढ्याशाने त्या उठून कामाला लागतात.”

भिंगरीला हे फारच आवडले. ती काकूंच्या दंडाला लोंबकळून धाकट्याला हात लावायला पुढे झुकली, आणि काकूंनी सवयीप्रमाणे तिला अलगद बाजूला केले.

“दंडाला नको ग चिकटूस. मलम लावलंय, तुला लागेल.”

“लागलं तर काय होईल? एवढंसंच तर लागेल.”

 धाकटा काकूंच्या हाताचा वास घेत होता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले, मनगटापासून खांद्यापर्यंत, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्या मलमाची हकिगत अशी होती. वर्षभर काकूंना अंगातून वाफा आल्यासारखे होई. घामाने ब्लाउज भिजे, झोप उडे. त्यांनी सगळा दोष खोलीतल्या, धुतलेली भांडी जंतुरहित करणाऱ्या वाफेच्या यंत्राला दिला. मेकॅनिकला दोनदा बोलावले. दुसऱ्यांदा तो म्हणाला की यंत्राला काही झालेले नाही, आणि पुढचे बोलायचे त्याने शहाणपणाने टाळले. त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीने त्यांना दटावून डॉक्टरकडे नेले. पाळी जाण्याच्या वयात हे होते, अंगातले हार्मोन कमी पडते, म्हणून रोज सकाळी दोन्ही हातांना मनगटापासून खांद्यापर्यंत हे चोळायचे, असे डॉक्टरने सांगितले. नंतर हात धुवायचे, आणि लावलेल्या जागेला लहान मुलांना शिवू द्यायचे नाही. काकूंनी सगळे पाळले. हात तर त्या दिवसातून वीस वेळा धूत, पण मनगटापर्यंत. घाम थांबला, झोप लागू लागली, आणि ही गोष्ट त्यांनी बहिणीखेरीज कुणाला सांगितली नाही. नळीवर काय लिहिले आहे ते मात्र त्यांनी वाचले होते. इस्ट्रोजेन हा शब्द त्या रोज सकाळी घरी वाचत होत्या आणि दुपारी चहाबरोबर ऐकत होत्या, पण घरचे ते औषध आणि वरचा तो प्रयोग, अशी दोन्हींची दोन घरे त्यांच्या डोक्यात वेगळी होती.

मेकॅनिक दुसऱ्यांदा येऊन गेल्याची तारीख यंत्राच्या वहीत होती. खोलीत परतल्यावर काकूंनी ती काढून पाहिली. मुंगीची तिसरी खेप बरोबर त्याच्या पुढच्या आठवड्यात सुरू झाली होती.

त्या दुपारी मुंगी चहाला आली, तेव्हा काकूंनी यंत्राची वही फळीवर सारली. भिंगरीच बोलत राहिली. मुंगी उसने हसून निघून गेली. काकूंना राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हते. आपले वय, आपला घाम, आपली नळी, हे तीन मजल्यांवर जाईल याची लाज एक. पण ती खरी बोचणी नव्हती. खरी बोचणी ही की ज्या हातांच्या स्वच्छतेवर एकवीस वर्षे कुणी शंका घेतली नाही, त्याच हातांनी बरणी खराब केली होती. आणि पोरीची दया येऊन त्या ती जास्त वेळा खराब करत होत्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी मलम लावले, हात धुतले, आणि तळमजल्यावर न थांबता सरळ तिसरा मजला गाठला. जिना चढता चढता त्यांनी तीन-चार प्रकारे सुरुवात जुळवली होती. मुंगी बैठकीसाठी कागद लावत होती. तिच्यासमोर उभे राहिल्यावर त्यातले एकही वाक्य आठवले नाही.

“तुझ्या साध्या बशांत हार्मोन मी घालतेय,” काकू म्हणाल्या, आणि बाही वर केली. “हे इथून.”

मग त्यांनी सगळे सांगितले. यंत्राची वही, डॉक्टर, नळी, बरणीचे अरुंद तोंड, तीन वेळा धुणे. मुंगी ऐकत राहिली. काकूंना वाटले, आता ही रडणार किंवा भांडणार. मुंगीने पेन उचलले.

“कुठल्या हाताला लावता?”

“दोन्ही. डॉक्टरने सांगितलंय, कंजूषपणा करायचा नाही.”

“आणि धुतल्यावर बरणी वाफेत जाते,” मुंगी स्वतःशीच म्हणाली. “वाफेने जंतू मरतात. हे मरत नाही, हे जंतू नाहीच. गाळणीतूनही जातं.” तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, दिव्याची वात वर केल्यासारखा. “काकू, कोळसा, सीरम, पाणी, सगळं मी तपासलं. तुमची बरणी तपासावी असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.”

“माझ्या आलं होतं का?” काकू म्हणाल्या.

शुक्रवारच्या बैठकीत मुंगीने दहा दिवस मागितले. भांड्यातून हार्मोन येत असावे असा संशय आहे, एवढेच ती म्हणाली. कोणाचे, कसे, यावर तिने तोंड उघडले नाही. मोठ्या बाईंना अर्धवट उत्तरे चालत नसत. बैठक संपल्यावर त्या स्वतः तळमजल्यावर आल्या, दार लोटून घेतले आणि काकूंना विचारले की भांड्यांत काय घोटाळा आहे.

काकूंनी मनाशी म्हटले, एकदा सांगितले तेव्हा जमीन दुभंगली नाही, दुसऱ्यांदाही दुभंगणार नाही. त्यांनी पुन्हा सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या की बरणीचे काम दुसऱ्या कुणाला द्यायचे असेल तर त्यांना वाईट वाटणार नाही. हे खोटे होते आणि दोघींना ते ठाऊक होते.

मोठ्या बाईंनी ओट्यावरची एक पालथी बाटली सरळ केली. त्या काकूंच्याच वयाच्या होत्या. बैठकीत कागदाने वारा घेत बसायची त्यांना अलीकडे सवय लागली होती.

“त्याने खरंच झोप लागते?” त्यांनी हळूच विचारले.

“दुसऱ्या आठवड्यापासून,” काकू म्हणाल्या, आणि आपल्या डॉक्टरचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला.

दहा दिवस मिळाले. बरणी काकूंकडेच राहिली.

प्रयोग साधा होता, आणि मुंगीने तो काकूंना बरोबर घेऊनच मांडला. सगळ्या बशांत पेशी धाकट्याच्या, आणि या वेळी वरून हार्मोन कुठेच घालायचे नाही. पहिल्या बशांचे द्रव नव्या बरणीत बनवले. ती मुंगीने स्वतः धुतली, आणि काकूंना ते बघवले नाही म्हणून त्या तेवढा वेळ बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बशांचे द्रव काकूंनी नेहमीच्या पद्धतीने धुतलेल्या बरणीत बनवले. आणि तिसऱ्या बशांसाठी काकूंनी मलम लावलेला हात शुद्ध पाण्यात विसळला. मुंगीने ते पाणी गाळून त्याचे थेंब द्रवात टाकले. या बशांवर काय लिहायचे असा प्रश्न पडला, तेव्हा काकूंनीच पेन घेतले आणि ठळक अक्षरात “काकू” असे लिहिले. आता लपवायचे उरले होतेच काय.

पाच दिवसांनी मुंगीने त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बसवले. पहिल्या बशीत पेशी विरळ होत्या, लांबोडक्या, रिकाम्या शाळेच्या पटांगणात चार-दोन मुले असावीत तशा. दुसरीत मधली सुटी झाली होती. तिसरीत, म्हणजे काकूंच्या बशीत, शाळा सुटली होती.

“एवढ्या?” काकूंनी डोळा न हलवता विचारले.

“एवढ्या. मी हार्मोन घालते त्याहून जास्त.” मुंगी हसत होती. “काकू, माझ्या पहिल्या दोन खेपा खऱ्या होत्या. आणि पुढच्या सगळ्या खेपांनीही तेच सांगितलं, फक्त मला ऐकता आलं नाही. धाकट्याच्या पेशी झोपल्या आहेत, मेलेल्या नाहीत. कुणी हाक मारायचाच अवकाश आहे.”

विषय बंद झाला नाही. जुळी जोडी गोठ्यातच राहिली. मुंगीने अहवालात भांडी धुण्याच्या पद्धतीवर एक अख्खे पान लिहिले आणि काकूंना वाचून दाखवले. काकूंनी त्यात एक चूक काढली. पाणी किती वेळा बदलायचे हे तिने चुकीचे लिहिले होते.

राहिला प्रश्न हाताचा. मलम सोडायची गरज नाही, असे मुंगीने आणि मोठ्या बाईंनी बजावले होते. साधे हातमोजे मनगटालाच संपत. तोडगा काढला तो गुरांच्या डॉक्टरांनी. गाय गाभण आहे की नाही हे तपासताना त्यांना हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खांद्यापर्यंतचे मोजे असतात. एक अख्खा खोका आणून त्यांनी काकूंच्या ओट्यावर ठेवला. म्हणाले, “मी गाईच्या पोटात घालतो, तुम्ही बरणीच्या घाला. मला लाथ बसते, तुमचं तेवढं बरं आहे.”

पुढच्या सुटीला भिंगरी पुन्हा आली, तेव्हा आजी नव्या थाटात उभी होती. दोन्ही हातांत खांद्यापर्यंत मोजे, दंडावर रबराने बांधलेले. भिंगरी पोट धरून हसली. काकूंनी तिला हसू दिले. मग बरणी पुढे ओढून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला, तळाशी बोट फिरवले, आणि कपाळाला आठी पडली. गेल्या आठवड्यापासून हीच एक अडचण होती. मोज्याचे बोट काचेवरून मुकाट घसरत होते. मुंगी म्हणाली होती की आता आवाजाची गरज नाही, शेवटच्या पाण्याची तपासणी ती पेशींवरच करते. पण काकूंना ते पटले नव्हते. स्वच्छ झालेले आपल्याला कळायला नको का.

“बोट कोरडं करून बघ ना,” भिंगरी म्हणाली.

“कोरडं नाही. ओलंच हवं. पण जोर वेगळा लागतो बहुतेक. थांब.” काकूंनी बोट जरा उभे धरले, नखाच्या बाजूला कलते केले, आणि दाबून हळू, फार हळू, ओढले. “कान लाव इथे. हाताला नको, बरणीला.”

भिंगरीने बाहेरून काचेला कान लावला आणि श्वास रोखला. एकदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा बरणीच्या पोटातून बारीक, लांब आवाज आला.

“वाजली,” भिंगरी कुजबुजली.

“ऐकलं मी,” काकू म्हणाल्या. त्यांनी हात जपून बाहेर काढला, बरणी पालथी घातली आणि वर मुंगीला चहाची हाक मारली.